प्रवासाची आठवण म्हणून ख्रिसमस ट्रीची लटकनं जमवायची आहेत. मुंबईच्या हवेत ती टिकतील का?

ताई, तुमचा प्रश्न मी माझ्या शब्दांत पुन्हा मांडते. तुमचा वर्षातून दोनदा प्रवास होतो. मॅग्नेटनी फ्रिज भरला, म्हणून आता दर प्रवासातून ख्रिसमस ट्रीवर टांगण्याजोगी एक वस्तू आणावी असं मनात आहे. पण चेंबूरचं घर वन बीएचके आहे, मुलगा सहा वर्षांचा आहे आणि वेंगुर्ल्याच्या सासूबाई विचारतात, हे झाड आपल्याकडे कशाला? भारतात अशा वस्तू कुठे मिळतात हेही कळत नाही. श्रीनगरहून आणलेल्या कागदाच्या लगद्याच्या गोळ्यावर पहिल्याच पावसाळ्यात पांढरी बुरशी आली. कच्छहून आणलेली छोटी घंटा अजून पिशवीतच आहे.

तुम्ही विचारलंय "काय घेऊ आणि कुठून घेऊ". माझ्या अनुभवात तो भाग सोपा आहे, दोन-तीन प्रवासांत नजर तयार होते. अवघड प्रश्न दुसराच आहे. दहा वर्षांनी ती वस्तू हातात घेतल्यावर ती शाबूत असेल का, आणि ती कुठली, कोणाकडून, कोणत्या दिवशी घेतली हे तुम्हाला सांगता येईल का? मुंबईत अशा संग्रहाला दोनच वैरी आहेत, ओल आणि विसर. दोन्ही मी चांगलेच भोगलेत, म्हणून आधी तेच सांगते.

मी २६ वर्षं टूर मॅनेजर होते. दादरच्या ऑफिसातून निघायचं, चाळीस माणसं युरोपला किंवा काश्मीरला न्यायची आणि सगळ्यांना सुखरूप परत आणायचं, हे काम. राहायला कलिन्याच्या गावठाणात, एका ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतल्या मूळच्या ख्रिस्ती, कुटुंबाच्या तळमजल्यावर. घरमालकीणबाईंना सगळी वाडी आंटी म्हणायची. डिसेंबरात त्या अंगणात सुरूची फांदी मातीच्या कुंडीत रोवायच्या. त्यांच्या भावाने आखातातून आणलेले चार काचेचे गोळे त्या फांदीला लावायच्या, आणि गोळा लावताना प्रत्येक वेळी तो भाऊ तेव्हा काय म्हणाला होता ते सांगायच्या. त्यांचं बघून मी जर्मनीतून पहिली वस्तू आणली, गवताच्या काड्यांची चांदणी. त्यांच्याच फांदीला लावली. पुढे मलाच नाद लागला.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, ते सगळ्यांना माहीत आहे. मी ती रात्र ऑफिसात काढली आणि दुसऱ्या दिवशी चालत घरी पोचले. खोलीत छातीइतकं पाणी चढून उतरलेलं. पलंगाखालच्या पत्र्याच्या ट्रंकेत माझी एकसष्ट लटकनं होती. त्या ट्रंकेने मला जेवढं शिकवलं तेवढं नंतरच्या कुठल्याही प्रवासाने शिकवलं नाही. काश्मिरी गोळे फुगून त्यांचे पदर सुटले होते. गवताच्या चांदण्यांवर दोन दिवसांत काळी बुरशी धरली. जर्मन काचेचे गोळे फुटले नव्हते, पण त्यांची चांदी गेली होती. हे गोळे फुंकून करतात आणि चकाकी बाहेरून नसते, चांदीच्या क्षाराचं द्रावण आत ओतून काचेला आतून लेप देतात. थुरिंगियातल्या लाउशा गावात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून हे गोळे होत आले आहेत. टोपीखालच्या भोकातून पाणी आत शिरलं, की लेप सुटून तळाशी राखाडी गाळ होतो आणि हातात राहतो नुसता काचेचा फुगा. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची लाखेची लाकडी खेळणी मात्र पुसून वाळवल्यावर जवळजवळ होती तशीच निघाली. पितळेला काहीच झालं नाही.

वही सगळ्यात वाईट निघाली. प्रत्येक वस्तूची नोंद त्या वहीत होती. जेल पेनने लिहिलेली पानं निळीशार झाली, एक अक्षर लागेना. विमानात पेन गळतं म्हणून काही प्रवासांत मी पेन्सिलीने लिहिलं होतं, तेवढी पानं चुरगळली तरी वाचता आली. वाचलेल्या वस्तूंपैकी नऊ अशा आहेत, की त्या कुठल्या हे मला आज सांगता येत नाही. त्या सुंदर आहेत, पण झाडावर लावताना माझ्याकडे त्यांच्याबद्दल एक वाक्यही नसतं. तेव्हापासून माझा पक्का नियम आहे, नोंद पेन्सिलीने आणि त्याच रात्री, हॉटेलवर पाठ टेकण्याआधी.

नोंद किती मोठी हवी? दोन ओळी पुरतात, पण त्या नेमक्या हव्यात. "जयपूर, २०१८" ही नोंद नव्हे. "बापू बाजार, पोपटांच्या तोरणातला एक पोपट. दुकानदाराने तोरण सुटं करायला नकार दिला, शेजारच्या म्हाताऱ्या बाईने आपल्या माळेतला काढून दिला, पैसे घेतले नाहीत" ही नोंद. जाड कागदाची पेरभर चिठ्ठी करा, एका बाजूला गाव आणि तारीख, दुसऱ्या बाजूला गोष्ट, आणि सुती दोऱ्याने ती वस्तूलाच बांधा. सेलोटेप नको, दोन उन्हाळ्यांत त्याचा चिकट पिवळा डाग पडतो. रबर बँडही नको, त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते, शिवाय मुंबईत तो वितळून वस्तूला चिकटतो. मोबाइलवर फोटो काढाच, पण चिठ्ठीला पर्याय म्हणून नको. फोटो शोधावा लागतो, चिठ्ठी वस्तूबरोबरच हातात येते.

आता काय घ्यावं. युरोपात प्रश्न नसतो. रोथेनबुर्गसारख्या गावांत नाताळची दुकानं बारा महिने उघडी असतात, आपल्या मे महिन्याच्या सहलींतही मिळतात. साल्झबर्गला पोकळ अंड्यांवर रंगकाम केलेलं मिळतं. न्युरेंबर्गच्या नाताळ बाजारात सुक्या आलुबुखारांची छोटी माणसं विकतात. दिसायला गोड, पण खाण्याच्या पदार्थापासून केलेलं काहीही मुंबईत आणू नका. जिंजरब्रेडची हृदयंही नकोत. मुंग्या आणि झुरळं ती एका पावसाळ्यात संपवतात, आणि जाता जाता शेजारच्या वस्तूही खातात.

दुकानात मी एकच प्रश्न विचारते, हे इथेच बनलंय का? एकदा लंडनमध्ये मी एक निळा, सोनेरी वेलबुट्टीचा गोळा घेतला. रात्री नोंद करताना त्याच्या बुडाशी बारीक चिठ्ठी दिसली, भारतात हाताने बनवलेला. तो काश्मिरी होता. त्या कारागिरांना परदेशातून नाताळचे गोळे, घंटा, चांदण्या यांच्या ऑर्डरी येतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. पुढच्या काश्मीर टूरला मोकळी दुपार मिळाली तेव्हा श्रीनगरच्या जुन्या शहरात जाऊन ते काम बघितलं. भिजवून कुटलेला कागदाचा लगदा साच्यावर थापतात, वाळवून घासतात, या भागाला सख्तसाज़ी म्हणतात. मग दुसरा कारागीर त्यावर नक्षी काढतो, ती नक्काशी. लंडनचा गोळा आजही माझ्याकडे आहे, पण त्याची चिठ्ठी श्रीनगरची आहे आणि त्यात लंडन फक्त कंसात येतं.

भारतात प्रवास करताना "ख्रिसमस ऑर्नामेंट" मागू नका. मागितलं तर प्लास्टिकचा सांताक्लॉज पुढे करतील. मी तीन गोष्टी बघते. वस्तू मुठीत मावते का, तळहातावर जड लागत नाही ना, आणि दोरा ओवायला कुठे जागा आहे का. तुमची कच्छची घंटा बहुधा तिथल्या निरोणा गावची असावी. ती लोखंडी पत्रा ठोकून, जोड एकमेकांत अडकवून करतात, वेल्डिंग करत नाहीत. वर तांब्या-पितळेची पूड चढवून भट्टीत भाजतात, आतला लोलक लाकडाचा. कड ठोकून आवाज जुळवतात, कारण गुराख्याला आपलं जनावर आवाजावरून ओळखू यायला हवं. कोल्हापूरची इंचभर चप्पल कीचेनला मिळते, तिची कडी काढून दोरा घाला. ओडिशातल्या रघुराजपूरला ताडपत्रावर कोरलेल्या पट्ट्या मिळतात. केरळात नेट्टीपट्टमच्या, म्हणजे हत्तीच्या कपाळावरच्या सोनेरी दागिन्याच्या, छोट्या प्रतिकृती असतात. चन्नपट्टणच्या दुकानात खेळण्यांच्या ढिगात हात घातला, की दोऱ्याला लागेल असं काहीतरी सापडतंच.

दोन गोष्टी आणू नका. अंदमानहून प्रवाळ नको, किनाऱ्यावर पडलेला तुकडाही नको. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहे आणि विमानतळावर सामान तपासतात. शंख-शिंपल्यांच्याही काही जाती त्याच कायद्यात येतात, म्हणून मी ते घेतच नाही. आणि ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडला कोणाला लाकूड, गवत, बिया, पाइनची बोंडं अशी वस्तू भेट नेणार असाल तर तिथल्या प्रवासी फॉर्मवर ती जाहीर करा. लपवली तर दंड मोठा असतो.

किती घ्याव्यात? हे तुमच्यावर आहे, पण मी एका प्रवासाला एकच म्हणते. एका गावाला एक नव्हे, एका प्रवासाला एक. चार जणांचं कुटुंब असेल तर चार मतं होतात आणि कुठली घ्यायची यावर शेवटच्या संध्याकाळी बोलणं होतं. ते बोलणं मला वस्तूइतकंच मोलाचं वाटतं, कारण प्रवासात कोणाला काय आवडलं हे तेव्हा कळतं. वर्षातून दोन म्हणजे वीस वर्षांत चाळीस, एका डब्यात मावतील एवढ्याच. वन बीएचकेत हा हिशेब आधीच करून ठेवा. मी तो केला नाही आणि आता माझं एक कपाट त्यातच गेलंय.

आणताना स्टीलचा डबा न्या. माझ्या टूरवर प्रत्येक घरचा लाडवांचा डबा असायचा, पाचव्या दिवशी तो रिकामा झालेला असायचा. त्यात मोज्यात गुंडाळलेलं लटकन ठेवायचं, मोकळ्या जागेत रुमाल भरायचा, हलवून बघायचं, आवाज आला नाही की झालं. हा डबा केबिन बॅगेत ठेवा, चेक-इनमध्ये नको. स्नो ग्लोब, म्हणजे हलवलं की आत बर्फ पडताना दिसतो असं पाणी भरलेलं खेळणं, मात्र १०० मिलिलीटरपेक्षा मोठं असेल तर केबिनमध्ये नेऊ देत नाहीत.

आता मुंबईचा मूळ त्रास. जून ते सप्टेंबर इथली हवा इतकी दमट असते, की कागद, गवत, कापड, लाकूड आपणहून पाणी ओढतात. आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरायला लागते, आणि जुलैत आपण त्याच्या बऱ्याच वर असतो. यावर महागडा उपाय लागत नाही, वेळ साधावी लागते. नाताळचं झाड परंपरेने तीन राजांच्या सणापर्यंत, ६ जानेवारीपर्यंत ठेवतात. तेच मुंबईच्या सगळ्यात कोरड्या दिवसांपैकी दिवस. त्या आठवड्यात, उन्हाची दुपार बघून, सगळ्या वस्तू पंख्याखाली तासभर ठेवायच्या आणि मग घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात भरायच्या. म्हणजे डब्यात जानेवारीची हवा बंद होते. एकदा जूनमध्ये नवीन वस्तू ठेवायला म्हणून मी डबा उघडला आणि महिनाभरात आतल्या चार वस्तूंना वास यायला लागला. आता मे अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत मी डबा उघडतच नाही. पावसाळ्यात घेतलेली वस्तू वेगळ्या छोट्या डब्यात राहते आणि ऑक्टोबरचं ऊन पडलं की मोठ्या डब्यात जाते.

डब्यात सिलिका जेल हवं. साधारण वीस लिटरच्या डब्याला मी पाव किलो टाकते, सुती पिशव्यांमध्ये शिवून. तुमच्याकडे लहान मूल आहे, म्हणून निळ्या दाण्यांचं घेऊ नका, त्यात कोबाल्ट क्लोराइड असतं. नारिंगी दाण्यांचं घ्या. रंग बदलला की ओव्हनमध्ये गरम करून ते पुन्हा वापरता येतं, पण त्यासाठी स्वयंपाकाचं भांडं नको. आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळही डब्यात ठेवा, काटा साठच्या खाली असला की काळजी नाही. वस्तू जुन्या मऊ मलमलीत गुंडाळा. वर्तमानपत्र नको, शाई लागते. अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे पुष्कळ जण सुचवतात, पण पुठ्ठा स्वतःच ओल धरतो. डांबर गोळ्या तर अजिबात नकोत, त्यांच्या वाफेने थर्माकोल आणि काही प्लास्टिक मऊ पडून चिकटतं, आणि घरात मूल आहे. डबा बाथरूमवरच्या माळ्यावर टाकू नका, बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटातही नको.

लाकूड, गवत किंवा कापडात कीड वाटली, बारीक भोकं किंवा पीठ दिसलं, तर प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून दोन आठवडे फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, घरच्या तापमानाला येऊ द्यायची, नाहीतर गार वस्तूवर पाणी सुटतं. काच, लाख आणि रंगवलेल्या वस्तूंना हा उपाय करू नका.

झाडाचं म्हणाल तर रोपवाटिकेत ख्रिसमस ट्री म्हणून जे मिळतं ते ॲरोकेरिया. दिसतं छान, पण फांद्या विरळ आणि टोकाशी लवचिक, जड घंटा लावली की फांदी खाली येते. तीन-चार फुटांचं कृत्रिम झाड चेंबूरच्या घरात बरं. तेही नको असेल तर आंटींसारखी सुरूची फांदी, किंवा खिडकीच्या ग्रिलला आडवी काठी. खिडकीत काच आणि नक्षीचे गोळे लावायचे नाहीत, रंग उडतो. छताच्या पंख्याखाली तर कुठलंच झाड नको, पंखा दोनवर ठेवला तरी काचेला काच लागते. मुलाच्या हाताच्या उंचीवर लाकूड, कापड, पितळ, आणि काच वरच्या तिसऱ्या भागात. त्याला हात लावू नको म्हणून सांगू नका. खालच्या वस्तू तोच लावेल आणि लावताना चिठ्ठी वाचेल असं ठरवा. सहाव्या वर्षी अक्षरं जुळवून वाचण्याचा उत्साह असतोच.

सासूबाईंचा प्रश्न मला रास्त वाटतो. त्यांना समजवायला जाऊ नका, त्यांच्याकडे काहीतरी मागा. वेंगुर्ल्याहून सावंतवाडी जवळ आहे. तिथल्या चितारआळीत लाकडाची रंगवलेली फळं मिळतात, केळं, आंबा, काजू. पुढच्या वेळी त्या तिकडे जातील तेव्हा त्यांनीच एक निवडून आणावं. देठाशी वर कडी असलेला छोटा स्क्रू बसवला की ते झाडावर लागतं, आणि चिठ्ठी त्यांच्या हस्ताक्षरात. एक पथ्य मी पाळते. आपल्या देवाच्या मूर्ती या झाडावर टांगत नाही, आणि चर्चमधून आणलेला क्रूस किंवा रोझरी शोभेची वस्तू म्हणून लावत नाही. ज्यांच्या घरी ती श्रद्धा आहे त्यांच्या घरी ती शोभते. आंटींनी मला हे कधी सांगितलं नाही, पण त्यांच्या अंगणात उभं राहून ते कळलं. मुंबईचीही एक वस्तू लावा. दिवाळीआधी माहीमच्या कंदील गल्लीत गेलात तर हातभर कंदिलांच्या बाजूला पेरभर कंदीलही लटकलेले असतात.

आता तुमच्या हातातल्या दोन वस्तू. काश्मिरी गोळा ओल्या फडक्याने पुसू नका, उन्हातही ठेवू नका, पदर सुटतील. बुरशीवर आत्ता ब्रश फिरवलात तर ती पसरेल. आधी तो सावलीत, पंख्याच्या वाऱ्यात दोन-तीन दिवस पूर्ण वाळू द्या. मग गॅलरीत नेऊन, नाका-तोंडावर मास्क लावून, कोरड्या मऊ रंगाच्या ब्रशने अलगद झटका. डाग राहिला तर राहू द्या. महिनाभर तो वेगळ्या डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा आणि बुरशी परत येत नाही याची खात्री झाल्यावरच बाकीच्यांत घाला. घंटेला काही करायचं नाही, पॉलिश तर नाहीच, त्यावरचा भाजलेला रंग हेच तिचं काम आहे. तिची चिठ्ठी मात्र आज रात्रीच लिहा, आणि ती कोणी ठोकली, दुकानात एकामागून एक वाजवून बघताना तुम्ही हाच आवाज का निवडलात, हे यजमानांनाही विचारा. दोघांना वेगवेगळं आठवत असेल तर दोन्ही लिहा.